विद्यापीठाचा बघण्याचा कार्यक्रम

"पाण्याचं कसं हाय तुमच्याकडं?" आत्यांनी विभागप्रमुखांना विचारलं.

प्राध्यापक शिरगुप्पे यांनी चष्मा कपाळावर सरकवला. संगणकशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून सकाळपासून त्यांना फी किती, वसतिगृह आहे का, नोकरी लागते का, असे पुष्कळ प्रश्न आले असणार. पाण्याचा बहुधा पहिलाच.

"पाणी... आहे की. कॉरिडॉरच्या टोकाला फिल्टर आहे."

"तसं न्हवं. उन्हाळ्यात कधी येतं?"

"चोवीस तास असतं, आजी."

आत्यांनी बापूमामांकडं बघितलं. बापूमामांनी डोळे मिटून सावकाश मान हलवली. चोवीस तास पाणी आहे असं सांगणारं घर हटकून खोटं बोलतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता.

त्या दोघांच्या मधल्या खुर्चीत मी बसले होते, मांडीवर दोन वर्षांची ऋजू आणि मान खाली. मान खाली घालायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण अशा बैठकीत मधल्या खुर्चीवरच्या बाईची मान आपोआप खाली जाते. माझं लग्न ठरलं तेव्हाही मी अशीच बसले होते, आणि तेव्हा समोर हेच बापूमामा होते.

आमच्याकडं इचलकरंजीला सासूला आत्या म्हणतात. बापूमामा हे आत्यांचे धाकटे भाऊ. सूतगिरणीतून निवृत्त झाल्यापासून, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आधीपासूनच, त्यांचा धंदा एकच होता: लग्नं जमवणं. पांढरी टोपी, काखेत छत्री आणि खिशात लवंग. भावकीतल्या कुठल्याही मुलामुलीचं स्थळ बघायला निघाले की मोटारीत पुढची सीट मामांची. बघायला जाण्याचे त्यांचे नियम होते. घर पुढून बघायचं नाही, मागच्या परड्यातून बघायचं. बोलायचं एकानंच. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, स्थळ कितीही आवडो, पहिल्या भेटीत हो म्हणायचं नाही. "जागेवर हो म्हणणारा माणूस भुकेला दिसतो," ते म्हणायचे. "'घरी जाऊन कळवतो' म्हणायचं आणि पायात चपला घालायच्या."

तर हे मामा विद्यापीठ बघायला आले होते, कारण आत्या आल्या होत्या. आणि आत्या आल्या होत्या, कारण मला एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला घालायचं की नाही ते ठरायचं होतं.

प्रवेश परीक्षेला मी बसले तीच मुळी सोबत म्हणून. माझ्या नणंदेला, स्नेहलला, एकटीनं परीक्षेला जायची भीती वाटत होती. आत्यांनीच मला फॉर्म भरायला लावला. "तुझं गणितात बी.एस्सी. झालंय न्हवं? मग बस की तिच्याशेजारी." निकाल लागला तेव्हा स्नेहलचं नाव यादीत नव्हतं आणि माझं होतं. ही बातमी घरात कशी सांगायची, तेच मला कळेना. शेवटी स्नेहलनंच जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं आणि स्वतः बी.एड.ला नाव घालून मोकळी झाली. आत्यांनी त्यावर मला फक्त आणखी एक भाकरी वाढली. त्या भाकरीचा अर्थ लावण्यात माझी ती रात्र गेली.

नवऱ्याला, अभिनंदनला, विचारलं तर तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." अभिनंदन भाजीपासून मुलीच्या नावापर्यंत सगळ्याला हेच म्हणतो. आमचे यंत्रमाग चालतात, त्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला कमी बोलायची सवय असते. पण मला त्या वेळी 'तू म्हणशील तसं' नको होतं. कुणीतरी स्वच्छ 'नको' म्हणायला हवं होतं.

कारण मला जायचं होतं. आणि ऋजूला सोडून मला संडासातसुद्धा जाववत नव्हतं.

ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. बोटामुळं ती जागी होऊन रडायची, आणि मला बरं वाटायचं. तिचं पाणी दोनदा उकळलेलं, वाटी-चमचा वेगळा. पाळण्याच्या दोऱ्या मी दर सोमवारी ओढून बघायची. अशा बाईनं रोज तासभर एसटीनं जायचं, दिवसभर विद्यापीठात बसायचं आणि संध्याकाळी परत यायचं! घरातल्या कुणाला तरी हे दिसेल आणि ते मला अडवतील, अशी माझी आशा होती. सगळ्यात जास्त आशा आत्यांवर होती. पण त्या म्हणाल्या, "बघून येऊ की." आणि बघायचं म्हटल्यावर मामांना फोन गेलाच.

वेळ फार नव्हता. पहिल्या फेऱ्या संपल्या होत्या. शेवटची फेरी त्याच दुपारी, विभागाच्या हॉलमध्ये. उरलेल्या जागांसाठी क्रमानं नावं पुकारणार, ज्याचं नाव येईल त्यानं टेबलापाशी जाऊन घेतो किंवा नाही ते सांगायचं. नाही म्हटलं की जागा पुढच्याची. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देता आली असती, पण मी दिली नसती हे मला माहीत होतं. पुढच्या वर्षी सोबत म्हणून बसायला मला नणंद कुठून मिळणार होती?

"शिरगुप्पे म्हणजे तुम्ही कुठले?" मामांनी डोळे उघडून विचारलं.

"मूळचे शिरोळकडचे."

"शिरोळात अण्णाप्पा शिरगुप्पे म्हणून एक होते. पाय अधू."

"माझे चुलत आजोबा."

"मग झालं की!" मामा खुर्चीत पुढं सरकले. "त्यांच्या मेव्हण्याची सोयरीक मीच जमवलेली. म्हणजे घरचंच स्थळ म्हणायचं. आता मला सांगा, तुमच्या घरात माणसं किती?"

"माझ्या घरात?"

"ह्या. ह्या घरात."

सरांनी भिंतींकडं बघितलं. "आठ शिक्षक. मंजूर पदं बारा आहेत."

"चार जागा मोकळ्या! म्हणजे सगळा भार सुनंवर येणार." मामा आत्यांकडं वळले. "आक्का, ध्यानात ठेव."

सर चांगल्या स्वभावाचे होते. त्यांनी बेल वाजवायला हवी होती, पण त्यांनी चहा मागवला. मामा "जरा लघवीला जाऊन येतो" म्हणून उठले, आणि मला कळलं की ते परडं बघायला निघाले आहेत.

परत आले ते गंभीर चेहऱ्यानं. "सर, मागच्या व्हरांड्यात कॉम्प्युटरची रास पडलीया. धूळ खात."

"ते जुने आहेत. बाद झालेले. निर्लेखनाची फाइल वर गेलीय, मंजुरी आली की लिलाव."

"जुने म्हणजे, काम करून करून दमलेले?"

"हो... तसंच म्हणायचं."

"म्हातारी माणसं अशी उघड्यावर टाकणाऱ्या घरात सून सुखी राहील काय हो?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा कपाळावर सरकवला. मला हसू आलं आणि मी ते ऋजूच्या टोपऱ्यात लपवलं. पण आता आत्या पुढं झाल्या होत्या आणि त्यांचा प्रश्न काही चेष्टेचा नव्हता.

"प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं?"

"साडेपाचला."

"आम्ही दिवस मावळायच्या आत जेवतो. हिवाळ्यात ही घरी पोचायच्या आधी दिवस मावळतोय. मग हिनं जेवायचं कधी?"

मी खरं तर तो नियम आत्यांइतका कडक पाळत नव्हते. पण हा प्रश्न ऐकून मला एकदम हलकं वाटलं. आला, नकार आला! शेवटी आमचा जैन धर्मच मदतीला धावला.

सर थोडे लाजले. "आजी, मीही पाळतो. चार वाजता मधली सुट्टी असते, तेव्हा मी डबा खातो. मुलं हसतात. यांनीही आणावा. दोघं असलो की हसणार नाहीत."

आत्यांनी यावर फक्त "बरं" म्हटलं. लगेच पुढचा प्रश्न. "बायकांचा संडास कुठल्या अंगाला?" मग, "एसटी फाटकापाशी थांबती का पुढं जाती?" मग, "लेकरू आजारी पडलं तर रजेचं काय?" सर उत्तरं देत होते. त्यांच्या आवाजात आता मुलीच्या बापाची अजिजी आली होती. कुठून आली ते त्यांनाही कळलं नसावं.

"यांना प्रयोगशाळा दाखवतो," शेवटी ते उठत म्हणाले. "तिथं चपला बाहेर काढाव्या लागतात हं."

आत्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा समाधान दिसलं. "चपला भाईर काढाय लावतात बापू. वळणाचं घर हाय."

लेकरू वायरी ओढेल म्हणून आत्या ऋजूला घेऊन बाहेरच बसल्या. आत जाताना मी मनात एक परीक्षा ठरवली. मी नजरेआड झाल्यावर ऋजू रडली, तर प्रवेश घ्यायचा नाही. यात कुणाचाच दोष नाही, कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. लेकरानंच ठरवलं म्हणायचं.

आत थंडगार होतं. रांगेनं पडदे, त्यांच्यासमोर मोजेवाली मुलं. मी एका मुलीच्या मागं उभी राहिले. ती दवाखान्यासाठी प्रोग्रॅम लिहीत होती. रुग्णाचं नाव टाका, वय टाका, औषधाचं प्रमाण समोर येतं.

"बघा, चालतंय," ती सरांना म्हणाली.

माझे कान दाराकडं होते. रडणं अजून आलं नव्हतं. आणि तोंडानं मी भलतंच विचारून बसले. "वय टाकायचं राहिलं तर?"

"असं कोण विसरेल?"

"घाईत आहे. लेकरू तापलंय, आईचे हात थरथरतायत. बरं, वय आठ महिने असेल आणि तिनं नुसतंच आठ लिहिलं तर? आठ वर्षांच्या मुलाचं औषध देईल का हे?"

मुलीनं टाकून बघितलं. प्रोग्रॅमनं आठ महिन्यांच्या बाळाला आठ वर्षांच्या मुलाचं औषध बिनदिक्कत दिलं.

"आणि एकाच नावाची दोन बाळं आली तर? आणि मधेच वीज गेली तर? आमच्याकडं जाते."

मुलगी आता माझ्याकडं बरीच तिरसट नजरेनं बघत होती. सर मात्र खुशीत होते. "बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवलं नाही. मला रात्री असलंच सुचतं. झोप लागत नाही."

"आमच्याकडं हे शिकवायला दोन वर्षं जातात," सर म्हणाले. "आणि तरी निम्म्यांना झोप लागतेच."

त्या मुलीच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि त्या खुर्चीवर बसावंसं मला इतकं वाटलं, की मी मुद्दाम हात मागं बांधून उभी राहिले.

बाहेर आले तर रडणं नाही, काही नाही. ऋजू कॉरिडॉरच्या फरशीवर फतकल मारून बसली होती. एका हातात आत्यांनी दिलेला राजगिऱ्याचा लाडू, दुसऱ्या हातात शिपायाची टोपी. लाडू फरशीला टेकवायची आणि चाटायची. मला बघून तिनं हातसुद्धा वर केला नाही.

"आत्या! खालचं खातेय ती!"

"खाऊ दे. फरशी पुसल्याली हाय."

"रडली नाही?"

"कशापायी रडंल?"

माझा राहिलेला शेवटचा आधारही गेला होता.

हॉलमध्ये पंखे फिरत होते आणि मुलं आईबापांसह भिंतीला टेकून बसली होती. टेबलामागं एक लिपिक, शेजारी शिरगुप्पे सर. "उद्या येतो," "सांगतो" असं म्हणणाऱ्या एका मुलाची जागा आमच्या डोळ्यांदेखत पुढच्याला गेली; पण मामांचं तिकडं लक्ष नव्हतं, ते शेजारच्या एका मुलीच्या वडिलांना त्यांचं गाव विचारत होते.

"स्वयंप्रभा मगदूम!"

ते माझं नाव. मी उठले. पाठोपाठ आत्या, त्यांच्या कडेवर ऋजू, आणि सगळ्यांच्या पुढं मामा, छत्री टेकत.

"शेवटची जागा आहे," लिपिक म्हणाला. "घेताय?"

मी तोंड उघडायच्या आत मामांनी हात वर केला. बोलायचं एकानंच.

"हे बघा, घर आम्हाला पसंत हाय," मामा खणखणीत आवाजात म्हणाले. "माणसं चांगली, वळण चांगलं. व्हरांड्याचं तेवढं बघा. तर आम्ही घरी जातो, चार माणसांत बोलतो, आणि दोन दिवसांत कळवतो."

"म्हणजे नाही," लिपिक म्हणाला.

"न्हाई कोण म्हणालं? कळवतो म्हटलं."

"आजोबा, आज जो कळवतो म्हणतो, त्याची जागा जाते. तसा नियमच आहे." त्यानं पुढचं नाव पुकारलं. "वैष्णवी कणसे!"

झालं! ज्याची मी महिनाभर वाट बघत होते, ते झालं होतं. नकार दिला गेला होता, आणि तो मी दिला नव्हता. आता घरी जायचं, पाणी उकळायचं. जन्मभर म्हणायचं की, मामांनी घोळ केला नसता तर मी कॉम्प्युटरवाली झाले असते. इतका सोयीचा नकार कुणाच्या नशिबी येतो?

"वैष्णवी कणसे आहे का?"

कुणी उठलं नाही. "पाणी प्यायला गेलीय," मागून कुणीतरी ओरडलं. "बोलवू का?"

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं ती वैष्णवी कणसे आली, आत त्या रिकाम्या खुर्चीवर बसलेली. तिला सुचेल का आठ महिने? तिला सुचेल का वीज? ती सांगेल, चालतंय सर, आणि रात्री झोपेल ढाराढूर.

"मी घेतेय," मी म्हणाले.

आवाज इतका मोठा निघाला की ऋजू दचकली.

"प्रभा!" मामा वळले. "अगं, बैठकीत मुलगी बोलत न्हाई!"

"मामा, बैठक माझीच आहे. सर, मी नाही म्हटलेलं नाही. माझं नाव पुकारलंत, उत्तर मामांनी दिलं. मामांनी प्रवेश परीक्षा दिलेली नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. लिपिकानं सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "उत्तर उमेदवारानं द्यायचं असतं, हे खरं आहे," आणि इतक्या झटकन म्हणाले, की ते त्याची वाटच बघत असावेत. लिपिकानं कागद माझ्यापुढं सरकवला. मी सही केली. दारातून एक मुलगी तोंड पुसत आली. तिला उशीर झाला होता. तिला पुढं दुसऱ्या विषयाला जागा मिळाली, आणि आता ती बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, हे मी मुद्दाम शोधून काढलेलं आहे. त्याशिवाय मला झोप लागली नसती.

मामा मात्र भडकले होते. बाहेर पायऱ्यांवर त्यांनी छत्री आपटली. "आक्का, बघ तुझी सून! एवढी लग्नं जमवली, पण असली मुलगी बघितली न्हाई. जागेवर हो म्हणाली! काय इज्जत राहिली?"

मी खाली बघत उभी राहिले. आता आत्यांचं येणार, मला ठाऊक होतं.

"बापू, तू गप," आत्या म्हणाल्या. "नको असलेल्या घरात मी पाणी, संडास, एसटी विचारत बसते व्हय? नको असलं की मी हात जोडून उठते. तुझ्या धाकट्या मेव्हणीच्या वेळी उठले न्हवते?"

मामांना ते आठवलं असावं. त्यांनी खिशातली लवंग काढून तोंडात टाकली. मी मात्र बघतच राहिले. एवढी नजर ठेवणारी बाई मी, आणि दिवसभर शेजारी बसूनही हे मला दिसलं नव्हतं.

"म्हणजे आत्या, तुम्हाला मी यावं असं वाटत होतं? शिकावं म्हणून?"

"शिक, न्हाईतर नको शिक." आत्यांनी ऋजूला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी तीन पोरं वाढवली. त्यातलं एक तुझ्या गळ्यात घातलं, धडधाकट. आणि दोन वरसं झाली, माझ्याच सैपाकघरात तू माझ्या मागं उभी. 'आत्या, उकळलं का? आत्या, झाकलं का? आत्या, हात धुतला का?' उठता-बसता माझी परीक्षा. म्हटलं, जाऊ दे हिला कुठंतरी. आता तू दे परीक्षा."

मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी ऋजूला घ्यायला हात पुढं केले. ऋजूनं आत्यांच्या मानेला मिठी मारली आणि तोंड फिरवलं.

कॉलेज सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवशी मी दर तासानंतर घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी तास चालू असताना बाहेर येऊन केला. प्रत्येक वेळी आत्या म्हणाल्या, "हाय, जित्ती हाय." तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन उचललाच नाही. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. वर्गात जाऊन पिशवी उचलली, एसटीचं वेळापत्रक आठवलं, आणि मग उभी राहून विचार केला, की काही वाईट झालं असतं तर आत्यांनी पहिला फोन मलाच केला असता. मोबाइलवर त्यांचा एकही फोन नव्हता. मी पिशवी खाली ठेवली.

त्या दिवशी मी पहिल्यांदा अख्खा तास ऐकला.